डाव्या दाढेखालची लवंग

हेमूमावशीला उखाणा सुचला नाही, तेव्हा काहीतरी बिघडलंय हे मला पहिल्यांदा कळलं.

जयसिंगपूरला तिच्या पुतण्याच्या मुलीचं बारसं होतं. पाळणा सजला होता, घुगऱ्या वाटून झाल्या होत्या आणि बायकांनी नेहमीप्रमाणे मावशीला मध्ये बसवलं होतं. मावशीचे उखाणे पाठ केलेले नसतात. समोर जे दिसेल त्यावर ती जागच्या जागी रचते, आणि बहुतेक वेळा त्यात काकांची फजिती असते. लग्नघरचे लोक आधी हिला विचारतात आणि मग मुहूर्त काढतात, असं अनंतकाका सांगत फिरतात. त्या दिवशी ती "पाळण्याला लावली..." एवढं म्हणाली आणि थांबली. बायका हसायच्या तयारीत होत्या. मावशीच्या जबड्याची डावी बाजू कानाखाली टच्च झाली, खालचा ओठ किंचित आत गेला, नजर मांडीवरच्या हातांवर आली. मग ती हळू आवाजात म्हणाली, "राहू दे आज. दुसरं कुणीतरी घ्या."

मी दारात उभी होते. हातातली ताटली मला खाली ठेवावी लागली. मी माझ्या आईकडे बघत होते, आणि आईला जाऊन दीड वर्ष झालं होतं.

हे कसं झालं ते आधी सांगायला हवं.

मावशीचे दात पन्नाशीतच गेले. दात गेले की त्यांना धरून ठेवणाऱ्या हाडाला काम उरत नाही, आणि शरीर बिनकामाचं हाड सांभाळत बसत नाही. हळूहळू विरघळवून टाकतं. कवळी असूनही मावशीचे गाल आत गेले, हनुवटी वर सरकली, जबड्याची कड गळ्यात कुठे मिसळते ते दिसेनासं झालं. माणसं माझ्या तोंडाकडे बघतात, माझं ऐकत नाहीत, अशी तिची तक्रार होती. बोलण्यावर जगणाऱ्या बाईला ही तक्रार लहान नव्हती.

यावर उपाय जुनाच आहे. हायल्युरोनिक आम्ल नावाला आम्ल असलं तरी काही जाळत नाही. आपल्या कातडीत आणि सांध्यांत ते मुळातच असतं आणि स्वतःच्या कितीतरी पट पाणी धरून ठेवतं. त्याचं घट्ट जेल सुईने हाडाच्या कडेकडेने भरलं की हरवलेली रेघ परत उमटते. मिरजेतले डॉक्टर हे कित्येक वर्षं करत आले आहेत. पण ते जेल कणकेसारखं होतं, ठेवाल तिथे बसणारं. फोटोत माणूस छान दिसायचा आणि बोलायला लागला की मुखवटा घातल्यासारखा वाटायचा.

नव्या जेलमध्ये प्रथिनांचे अतिसूक्ष्म धागे असतात. जिथे वारंवार ताण पडतो तिथे हे धागे जाड होतात, जिथे पडत नाही तिथे सैल राहतात. म्हणजे जेल चेहऱ्याची सवय शिकतं आणि महिन्या-दोन महिन्यांत मांसासारखं वागू लागतं. अडचण एवढीच की बसलेला जबडा त्याला बसलेलीच सवय शिकवणार. म्हणून त्याला चांगल्या दिवसांतल्या हालचालींचा नकाशा लागतो. हनुवटीखाली एक मऊ पट्टा बांधायचा. तो पट्टा त्या नकाशाप्रमाणे जेलला बारीक बारीक कंप देत राहतो. नकाशा स्वतःचा असेल तर उत्तम. नसेल तर रक्ताच्या नात्यातला, आणि त्यातही सख्ख्या बहिणीचा.

मावशीकडे स्वतःचा नकाशा नव्हता. आईचा होता. आईचा कर्करोग कळला तेव्हा हॉस्पिटलने तो काढून ठेवला होता, उपचारांत चेहरा ओढला गेला तर पुढे उपयोगी पडेल म्हणून. तशी वेळ आलीच नाही. आई माघात गेली. वर्षश्राद्ध झालं आणि फाल्गुनात मावशीने विचारलं, वैजूचा नकाशा मी वापरू का? आईने वारस म्हणून माझं नाव दिलेलं असल्यामुळे परवानगी माझी लागत होती. मी सांगलीच्या कॉलेजात भूगोल शिकवते. दोन तासांच्या मधल्या वेळात स्टाफरूममधून मी फोनवर होकार दिला. मला वाटलं, हाडाच्या कडेची एक रेघ, दुसरं काय.

ही परवानगी सहा महिन्यांची असते. त्या मुदतीत जेल थोडं झिजतं, पुन्हा भरावं लागतं, पुन्हा शिकवावं लागतं. न शिकवता तसंच ठेवलं तर त्याच्या गाठी होतात. म्हणून वारसाने नाही म्हटलं, तर एका विकराचं, म्हणजे एन्झाइमचं, इंजेक्शन देऊन ते सगळं विरघळवून टाकतात. भाद्रपदात मला पुन्हा हो किंवा नाही म्हणायचं होतं.

बारशानंतर मी जयसिंगपूरला सारखी जायला लागले. आमचं घर मिरजेत. कॉलेज सुटल्यावर गाडी उलट्या दिशेला वळवायची आणि वाटेत दही घ्यायचं. कधी रिकामा डबा परत करायचा, कधी काकांच्या औषधाची चौकशी करायची. तिथे गेल्यावर मी मावशीच्या डाव्या हाताला बसायचे. ती शेंगा फोडायची, मी बघायचे. गप्प असताना ती हुबेहूब आई होती. घरी परतल्यावर मला बसवत नसे. पुस्तक उघडायचं, मिटायचं, घासलेली भांडी पुन्हा विसळायची, खिडकी लावायची, उघडायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा दही.

मग बाबाही यायला लागले. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला माझा बाप आई गेल्यापासून घराच्या फाटकाबाहेर फारसा पडला नव्हता. आता तो दुपारी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून तयार राहायचा. माझ्या हातचं अर्धं ताट टाकणारा माणूस तिथे दुसरी भाकरी मागून घ्यायचा. मावशी वाढायची आणि तो ताटाकडे न बघता जेवायचा.

अनंतकाकांनी पहिल्यांदा सगळं थट्टेवारी नेलं. "संसार धाकटीशी केला," ते बाबांना म्हणाले, "आणि आता म्हातारपणी घरात आकडसासू आली. बनियनवर बसायची सोय राहिली नाही." बायकोच्या थोरल्या बहिणीचा धाक काय असतो हे जुन्या माणसांना माहीत आहे, आम्ही सगळे हसलो. मावशीही हसली, ओठ मिटून, आईसारखी. पूर्वी ती असल्या बोलण्यावर मांडीवर थाप मारून दुप्पट उत्तर द्यायची.

त्या दिवशी काका मला सोडायला फाटकापर्यंत आले. बाबा गाडीत बसले होते. काका फाटकाची कडी उघडझाप करत राहिले.

"केतू," ते म्हणाले, "ती माझ्याशी भांडत नाही गं."

मी म्हटलं, डॉक्टरांशी बोलते.

पण त्याआधी मावशीच बोलली. मी दह्याचा डबा ओट्यावर ठेवत होते. तिने माझ्या हातातून तो घेतला, झाकण उघडून पाहिलं आणि फ्रीजमधले आधीचे दोन डबे माझ्यापुढे ठेवले.

"दही घेऊन येतेस आणि दह्याकडे बघतही नाहीस," ती म्हणाली. "तुला कोण बघायचं असतं ते मला कळतं."

ती सावकाश बोलत होती. प्रत्येक वाक्याआधी तिचा जबडा घट्ट व्हायचा, मग सुटायचा. तिने सांगितलं ते असं. तिला शब्द पूर्वीसारखेच सुचतात, पण डाव्या दाढेशी येऊन अडतात. आधी जबडा सोडवावा लागतो, आणि तो सुटेपर्यंत वाटतं, जाऊ दे, काय एवढं सांगायचंय. दिवसभरात असं कितीदा तरी होतं. संध्याकाळपर्यंत पोटात न बोललेल्याचं ओझं होतं आणि झोप येत नाही.

"वैजूला हे जन्मभर होत असेल का गं?"

"माहीत नाही," मी म्हटलं.

"मला हे काढून टाकायचंय. पण दाजी दुसरी भाकरी घेतात. तूही इथे आलीस की जरा टेकतेस." तिने डब्याचं झाकण पुन्हा लावलं. "तू म्हणालीस ठेव, तर ठेवीन. तुझी आई आहे. तूच ठरव."

मावशी माझ्यावर रागावली असती तर बरं झालं असतं. तिने चेहरा माझ्या स्वाधीन केला होता आणि मला तो सोडवत नव्हता.

डॉ. नाझनीन मुजावर यांनी आईचा नकाशा स्वतः काढला होता. मी त्यांना विचारलं की डाव्या बाजूचा तेवढा ताण कमी करता येईल का. जबडा आईचा राहू दे, गप्प बसणं तेवढं काढा. माझं बोलणं मलाच विचित्र वाटलं, पण त्या हसल्या नाहीत. त्यांनी पडद्यावर नकाशा उघडला. माझ्या ओळखीचा प्रकार होता, समान उंचीच्या रेषांसारख्या समान ताणाच्या रेषा. जबड्याच्या डाव्या कोपऱ्यात त्या इतक्या दाटल्या होत्या की तिथे कडा असावा.

ते वेगळं काढता येत नाही, असं त्यांनी समजावलं. हसताना आणि गप्प बसताना तेच धागे काम करतात. एक पुसलं की दुसरंही जातं, आणि उरतो तो कुणाचाच जबडा नसतो. मावशीसारखी तक्रार आता इतरही करू लागले होते. कोल्हापूरचा एक माणूस भावाच्या नकाशावर होता. तो भावासारखा संथ खाऊ लागला आणि भावासारखा चिडू लागला. चेहरा मनाच्या मागून चालतो असं आपण समजतो, त्या म्हणाल्या, पण मनही चेहऱ्याच्या मागून चालतं. आम्ही आकार दिला, त्याच्याबरोबर स्वभावाचा तुकडा जाईल हे आमच्या ध्यानात आलं नाही.

"पण माझी आई नेहमीच एवढी आवळलेली नसायची," मी म्हटलं.

डॉक्टरांनी पडद्याकडे बघितलं. "तो दिवस तसा होता. सकाळीच त्यांना रिपोर्ट मिळाला होता. एकट्याच आल्या होत्या. मी म्हटलं, हे पुन्हा कधीतरी करू. त्या म्हणाल्या, आत्ताच करा, घरी गेल्यावर जमायचं नाही. आम्ही बिस्किट खायला देतो, अंक म्हणायला लावतो, काहीतरी विनोदी दाखवतो. हसायच्या वेळी छान हसल्या. मग काही वेळ नुसतं बसायचं असतं. तेव्हाचं हे."

मी विचारलं, कोणते दिवस होते? दसऱ्याच्या आधीचे, त्या म्हणाल्या. त्यांना ते आठवत होतं, कारण हॉस्पिटलात खंडेनवमीची पूजा चालू होती.

आईने आम्हाला दिवाळी झाल्यावर सांगितलं होतं. कालच रिपोर्ट आला, असं सांगितलं होतं. मधल्या दिवसांत तिने चकल्या केल्या, बाबांच्या स्वेटरला बटणं लावली, माझ्या पेपर तपासण्याच्या रडगाण्याला हूं हूं केलं. आणि मी रोज जयसिंगपूरला जाऊन जे डोळे भरून बघत होते ते आईचं नेहमीचं तोंड नव्हतं. त्या एका दिवसाचं होतं.

हे बाबांना सांगायला हवं होतं. मी सांगितलं नाही. रोज स्वयंपाकघरापर्यंत यायचे, त्यांच्यापुढे चहा ठेवायचे आणि परत जायचे.

अविधवा नवमी आली. नवऱ्याच्या आधी गेलेल्या बाईच्या नावाने पितृपक्षात त्या दिवशी सवाष्ण जेवू घालतात. गुरुजी म्हणाले होते की नात्याबाहेरची सवाष्ण असली तरी चालेल. बाबा म्हणाले, हेमाच येईल. त्यांनी ते इतक्या पटकन म्हटलं की मी पुढे काही बोलले नाही.

मावशी हिरवी साडी नेसून आली. पाटावर बसली, केळीच्या पानाभोवती पाणी फिरवलं. काका आणि मी भिंतीशी बसलो होतो. वडे, भोपळ्याची भाजी, आमसुलाची चटणी, कढी मी वाढली. खीर मी वाढतो, म्हणून बाबा पातेलं घेऊन आले. मावशीने पहिला घास घेतला आणि थांबली. आईच्या जागी बसून आईच्या नावाचं जेवायचं, हे तिला जड गेलं असणार. जबडा डावीकडे आवळला, ओठ आत गेला, नजर पानावर खिळली.

बाबा पळी धरून उभेच राहिले. पळीतून खीर पातेल्यात ठिबकत होती.

"वैजू," ते म्हणाले, "काय झालं ते सांग ना."

काकांनी माझ्याकडे बघितलं. मावशीची मान वर झाली नाही. तिचा जबडा सुटायला वेळ लागला, आणि या वेळी तिने तो सोडवला.

"दाजी, खीर बेतानं वाढा," ती म्हणाली. "आणि हे तुम्ही तिला विचारायला हवं होतं."

तिच्या आवाजात राग नव्हता. बाबांनी खीर वाढली. पातेलं खाली ठेवलं आणि तिथेच जमिनीवर बसले, मावशीच्या पानासमोर.

"एकदा ती अशीच बसली होती," ते म्हणाले. "दसऱ्याच्या आदल्या दिवशी. बाहेरून आली आणि खुर्चीत बसून राहिली, गाल असा धरून. मला वाटलं, दाढ दुखतेय. मी डब्यातली लवंग आणून दिली." त्यांनी पळी पातेल्याच्या कडेला टेकवली. "तिने ती दाढेखाली धरली. बरं वाटतंय, म्हणाली."

मावशी जेवली. सवाष्णीने पानावरून अर्धपोटी उठू नये, म्हणून सगळं जेवली.

हात धुऊन आल्यावर मी तिला कुंकू लावलं, आईची घडी न मोडलेली साडी तिच्या हातात दिली. इतक्या जवळून तो चेहरा पुन्हा दिसणार नव्हता. मी म्हटलं, मावशी, उद्या डॉक्टरांकडे जाऊ.

ती तशीच उभी राहिली. मग तिने मान उजवीकडे वळवली, उजेडाच्या बाजूला, म्हणजे डावी बाजू माझ्याकडे आली.

"बघून घे," ती म्हणाली.

मी बघून घेतलं.

विकराला फार वेळ लागत नाही. सुई मारल्यावर ते जेलच्या साखळ्या तोडत जातं आणि त्यातलं पाणी शरीरात मिसळून जातं. रडण्याचाच प्रकार, पण आतल्या आत. मी दोन दिवस मावशीकडे राहिले. पहिल्या दिवशी जबड्याची कड मऊ झाली, पुळणीवर ओढलेली रेघ भरतीच्या वेळी होते तशी. दुसऱ्या दिवशी सकाळी गाल आत गेले. मी वरण ढवळताना, केर काढताना, पाण्याचा तांब्या नेऊन देताना मध्येच वळून बघायचे, आणि दर वेळी आई थोडी कमी असायची. या वेळी मी जवळ होते, एवढाच फरक. हॉस्पिटलात आई गेली तेव्हा मी लिफ्टची वाट बघत उभी होते.

दुपारी काका जिलेबी घेऊन आले. मावशीने हिरड्या दुखतात म्हणून कवळी काढून ठेवली होती. काका म्हणाले, जिलेबी हवी असेल तर नाव घ्यावं लागेल. मावशीने त्यांच्याकडे रोखून बघितलं. जबडा आवळला नाही. खोल गेलेल्या तोंडाने, अर्धे उच्चार हवेत सोडत, ती एका दमात म्हणाली:

"कवळी ठेवली वाटीत, वाटी ठेवली फळीवर,
अनंतरावांचं नाव घेते नुसत्या हिरडीवर."

आणि मांडीवर थाप मारून हसली. ते हसणं फक्त तिचं होतं. काका हसता हसता डोळे पुसायला लागले आणि चष्मा सापडेना म्हणून मलाच रागावले. जिलेबी पाकात बुडवून मऊ केलेली तिने खाल्ली आणि काकांनी ती कुठून आणली, किती शिळी आहे, यावरून दोघांचं भांडण संध्याकाळपर्यंत पुरलं.

मी मिरजेला परत आले तेव्हा बाबा स्वयंपाकघरात होते. त्यांनी स्वतः भात लावला होता. मावशी कशी आहे, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, भांडतेय. त्यांनी मान हलवली. आता तिथे आपल्याला दुसरी भाकरी जाणार नाही हे त्यांना ठाऊक होतं, आणि त्यांनी ते बोलूनही दाखवलं नाही.

मी खुर्चीत बसले. डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं तोंडाशी आलं. दसऱ्याच्या आदल्या दिवशी बाहेरून आली म्हणजे कुठून आली, ते फक्त मला माहीत होतं. ते सांगितलं तर लवंग देणारा हा माणूस आणखी किती खचेल? मी समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत बसले.

बाबा भाताचं झाकण हातात धरून माझ्याकडे बघत होते. माझ्या डाव्या गालाकडे. मी हात लावून पाहिला. कानाखाली स्नायू दगडासारखा झाला होता. इथे कुणी जेल भरलं नव्हतं, पट्टा बांधला नव्हता.

ते फळीपाशी गेले. मसाल्याचा डबा काढला, उघडला. एक लवंग चिमटीत धरली. क्षणभर तसेच पाठमोरे उभे राहिले. मग लवंग परत डब्यात टाकली, डबा बंद केला, आणि खुर्ची ओढून माझ्यासमोर येऊन बसले.

"सांग," ते म्हणाले.

जबडा सुटायला वेळ लागला. ते थांबून राहिले.